डबीतलं घोरणं

१

ही गोष्ट खरी आहे. अक्षर न् अक्षर खरी. कशावर हात ठेवून सांगू ते तुम्ही ठरवा, मी ठेवतो. वस्तू फार गरम नसली म्हणजे झालं. सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं. डोळ्यांदेखत म्हणजे अगदी तसं नव्हे, कानांवर आलं. कानांवर म्हणजे, जिच्या बाबतीत घडलं तिनं सांगितलं, आणि ती बाई खोटं बोलत नाही. आयुष्यात एकदाच बोलली, लग्न ठरताना. नवरा घोरत असला तरी मला चालेल, असं म्हणाली होती.

चाललं नाही. सुरुवातीची वर्षं तिनं कानात कापूस, डोक्यावर उशी आणि भरपूर भांडण असे सगळे उपाय करून पाहिले. मग हळूहळू उलटंच झालं. ते घोरणं कानावर पडल्याशिवाय तिचा डोळ्याला डोळा लागेना.

बाई सरकत्या जिन्यांची तपासनीस. मोठ्या दुकानांत, स्टेशनांत, विमानतळांवर जे जिने आपल्याला उभ्या उभ्या वर नेतात, त्यांच्या पोटात उतरायचं, साखळी बघायची, पायऱ्यांचे दाते बघायचे, हाताखालचा काळा पट्टा ओढून बघायचा, हे तिचं काम. लोक जिन्यावर असताना ते करता येत नाही. म्हणून काम रात्रीचं आणि झोप दिवसाची. नवरा बेकरीवाला. त्याचंही तेच. उजाडायच्या आत पीठ मळून भट्टी लावायची, सकाळचा माल गेला की जेवायचं आणि भर दुपारी आडवं व्हायचं. घर बेकरीच्या वरच. दुपारी गल्ल्यावर त्याची धाकटी बहीण बसायची आणि गिऱ्हाइकांना सांगायची, जरा हळू बोला, वर आमच्या दादा-वहिनींची मध्यरात्र चालू आहे.

बेकरीवाला अंगानं भरलेला. उताणा झोपला की सुरू. आधी कुणी जड खुर्ची ओढावी तसा आवाज, मग शटर अर्धं खाली येऊन अडकावं तसा, आणि मग क्षणभर काहीच नाही. हे ‘काहीच नाही’ बाईला कधी आवडलं नाही. ते आलं की ती झोपेतच म्हणायची, ‘‘अहो, वळा,’’ आणि त्याच्या खांद्यावर दोनदा थोपटायची. तो झोपेतच कुशीवर वळायचा. पलंगाची तिच्या बाजूची स्प्रिंग कुईं करायची आणि श्वास पुन्हा रुळावर यायचा. दोघांपैकी कुणालाच जाग यायची नाही. एकीनं झोपेत सांगायचं, दुसऱ्यानं झोपेत ऐकायचं. त्यांच्या संसारातलं एवढं एकच खातं बिनबोभाट चाललं होतं.

मग बाईच्या कंपनीनं गावोगावचे जिने तपासायला घेतले आणि आठवड्यातले निम्मे दिवस हॉटेलात जाऊ लागले. झोप गेली. डोळ्यांखाली काळं आलं. एकदा तर ती चालत्या जिन्यावर उभ्या उभ्या पेंगली आणि वरच्या टोकाला अडखळली. तेव्हा नणंद म्हणाली, वहिनी, दादाला डबीत भरून देते तुमच्याबरोबर.

डबी म्हणजे बिनतारी स्पीकर. मुठीपेक्षा थोडा मोठा, निळा, कापडानं मढवलेला. एका दुपारी नणंदेनं मोबाइल दादाच्या उशाशी ठेवला आणि घोरणं भरून घेतलं. बाई स्वतः दाराजवळच्या खुर्चीत तोंडाला कुलूप लावून बसली होती. आवाज स्वच्छ यायला हवा म्हणून तिनं त्या दिवशी ‘वळा’देखील म्हटलं नाही. मध्ये एकदा खाली गल्ल्यावरची घंटी वाजते, एकदा एक ट्रक मागे येतो, बाकी नुसतं घोरणं.

मोबाइलवर ते सुरू करायचं आणि डबीतून ऐकायचं. डबी चालू केली की आतली बाई गोड आवाजात ‘‘कनेक्टेड’’ म्हणायची. बेकरीवाल्यानं ते ऐकलं तेव्हा म्हणाला, एवढ्या गोडीनं माझ्याशी अजून कुणी जोडलं गेलेलं नाही.

२

हॉटेलं सगळी सारखीच. पाहुणे ओल्या केसांनी नाश्त्याला खाली उतरत असायचे, तेव्हा ही ग्रीसनं माखलेली आत शिरायची. रिसेप्शनवरचा विचारायचा, चेक-आउट का? ही म्हणायची, नाही हो, झोपायला आले. मग खोली. ‘त्रास देऊ नये’ची पाटी मुठीला अडकवायची, जाड पडदे एकमेकांवर ओढायचे, अंगठ्याच्या नखातलं काळं निघत नाही तोवर हात धुवायचे. आणि शेवटी डबी. ती टेबलावर नाही, शेजारच्या उशीवर. नवऱ्याची जागा ती नवऱ्याची.

बाहेर व्हॅक्यूम फिरत असायचा, ट्रॉलीवरचे पेले किणकिणायचे, लिफ्ट टिंग करायची. आत बेकरीवाला घोरायचा. बाईला अशी झोप लागायची की बास.

एका हॉटेलात मॅनेजरचा फोन आला. फार नम्रपणे म्हणाला, मॅडम, खोलीत दुसरे पाहुणे असतील तर त्यांची नोंद केलेली बरी. बाईनं त्याला वर बोलावलं आणि डबी दाखवली. त्यानं हात मागे बांधून बराच वेळ ऐकलं आणि म्हणाला, क्वालिटी चांगली आहे.

तर अशाच एका हॉटेलातली अशीच एक दुपार. बाई गाढ. स्वप्न नाही, काही नाही. घोरणं खुर्चीवरून शटरवर आलं, शटर अडकलं, आणि नेहमीच्या सवयीनं बाई झोपेत म्हणाली, ‘‘अहो, वळा.’’ शेजारच्या उशीवर दोनदा थोपटलं.

स्प्रिंग कुईं वाजली. एक लांब उसासा आला. घोरणं थांबलं आणि संथ, हलका श्वास सुरू झाला.

बाई समाधानानं आणखी खोल बुडाली.

संध्याकाळी उठली, तोंड धुतलं, दात घासायला घेतले. आरशात बघत असताना ब्रश मध्येच थांबला. तोंडात फेस तसाच. भरून घेतलेल्या त्या दुपारी बेकरीवाला वळला नव्हता.

३

बाई घाबरट नाही. जिन्यातून खडखड आली तर ती भूत म्हणत नाही, सैल नट म्हणते. तिनं खुर्ची ओढली, दिवे लावले, आणि ते सबंध घोरणं पहिल्यापासून शेवटपर्यंत जागेपणी ऐकलं. गल्ल्यावरची घंटी आली. ट्रक मागे आला. स्प्रिंग नाही. उसासा नाही.

मग तिनं डबीकडे तोंड करून म्हणून पाहिलं, अहो, वळा. नवरा ढिम्म. घोरतच राहिला. तिला स्वतःचंच हसू आलं आणि हसताना जरा हायसंही वाटलं.

तरी तिनं रिसेप्शनला विचारलं. शेजारच्या खोलीतल्या कुणाचा मोबाइल आपल्या स्पीकरला जोडला जाऊ शकतो का? जोडला जातो की, तो म्हणाला. परवाच एकाच्या स्पीकरवर दुसऱ्याच्या सासूचा फोन लागला होता. पण तुमच्या दोन्ही बाजूंच्या खोल्या रिकाम्या आहेत, मॅडम. स्प्रिंगची गादी तर आमच्याकडे एकही नाही, सगळी फोमची.

बाईनं ठरवलं, झोपेत भास झाला. नट सैल आहे, तो आपल्या डोक्यातला.

पुढच्या गावी, पुढच्या हॉटेलात पुन्हा तेच. झोपेत सांगितलं, तिकडून वळल्याचा आवाज आला. त्याच्या पुढच्या गावीही. जागेपणी सांगितलं तर काही नाही, झोपेत सांगितलं की लगेच. या नवऱ्याचा घरातला स्वभावही तंतोतंत असाच होता, हे तिला कुठंतरी पटतही होतं.

फोनवर तिनं त्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, हल्ली दुपारची झोप कशी लागते? तो म्हणाला, झकास. तू नसलीस की आधी मान अवघडायची, आता नाही अवघडत. का नाही अवघडत, असं तिनं विचारलं. तो पावावर लोणी लावता लावता बोलत होता, तोंडात घास होता. म्हणाला, ‘‘का म्हणजे? तू थोपटतेस की.’’

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

‘‘अगं, गंमत केली,’’ तो म्हणाला. मग म्हणाला, ‘‘पण थोपटल्यासारखं वाटतं हं, खरंच.’’

४

यात भिण्यासारखं काय आहे, असं तिनं स्वतःला समजावलं. आपला आवाज कसाबसा घरी पोचतोय, नवरा कुशीवर वळतोय, कुणाचं काही बिघडत नाही. मोबाइल, स्पीकर, हवेतून येणाऱ्याजाणाऱ्या लहरी, यातलं आपल्याला कितीसं कळतं? असं समजावलं की ती निम्मी समजायची. उरलेली निम्मी पडदे ओढताना दोनदा मागे वळून बघायची.

मग ती पावसाळी दुपार आली. हॉटेल जुनं, भिंतीतल्या नळातून पाणी गुळगुळत होतं, वरच्या मजल्यावर कुणी टेबल सरकवत होतं. बाईला नीट झोप लागली नव्हती. पापण्या मिटलेल्या, कान उघडे. घोरणं शटरवर आलं. ती अर्धवट झोपेत म्हणाली, अहो, वळा.

आणि डबीतून आवाज आला, ‘‘अहो, वळा.’’

तिचाच आवाज. पण प्रतिध्वनी नव्हे. प्रतिध्वनी पाठोपाठ येतो. हा जरा थांबून आला, आणि हळू आला, दुसऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन बोलावं तसा. मग खांद्यावर दोन थापा. मग स्प्रिंग. बाईला त्या पलंगाची प्रत्येक स्प्रिंग पाठ होती. ही तिच्या बाजूची होती, आणि ती नुसता तो वळला म्हणून वाजली नव्हती. कुणी भार टाकून टेकलं की वाजते तशी, लांब आणि खोल, वाजली होती.

बाईनं डबी बंद केली. भर दुपारी खोलीतले सगळे दिवे लावले, बाथरूममधलासुद्धा. मग नणंदेला फोन केला आणि म्हणाली, जरा वर जाऊन ये. का, काय हवंय, तिनं विचारलं. काही नको, नुसतं बघून ये, वर कोण आहे.

नणंदेला एवढं पुरे होतं. वहिनी, आमच्या दादाला कोण बघतंय, म्हणाली. ते पोट, ते घोरणं, ही हौस फक्त तुम्हाला. हसत हसत जिना चढली. फोन कानालाच होता. बाईला पायऱ्यांचा आवाज ऐकू येत होता, मग दार, मग नणंदेचं हसणं थांबलं.

‘‘कुणी नाही,’’ ती म्हणाली. ‘‘दादा झोपलाय. भिंतीकडे तोंड करून.’’

‘‘आणि माझ्या बाजूला?’’

‘‘काही नाही, वहिनी. चादर जरा चुरगळलीय.’’ हात फिरवल्याचा आवाज आला. ‘‘ऊबदार लागतेय. उन्हाची असेल.’’

इकडे हॉटेलच्या खिडकीवर पाऊस होता. तिकडे ऊन असेलही. पण त्या खोलीची खिडकी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला आहे, हे दोघींनाही माहीत होतं.

त्याच संध्याकाळी बाईनं मोबाइलमधलं ते घोरणं पुसून टाकलं. डबी बंद करून बॅगेच्या तळाशी, बुटांच्या पिशवीत कोंबली. झोप नाही आली तरी चालेल, असं स्वतःला सांगितलं. आपल्या आवाजात आपल्या नवऱ्याशी बोलणारी आणखी कुणी नको.

५

पुढचे काही दिवस झोपेचे वांधेच झाले. ती छताकडे बघत पडायची. घरी गेली की मात्र नवऱ्याशेजारी डाराडूर. चादरीवर तिचीच ऊब, तिचीच सुरकुती. शोधूनही वेगळं काही सापडेना. नवरा तेवढा म्हणाला, तू बाहेर असलीस की आता पुन्हा मान धरते. तिला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. म्हणजे ती जी कोण होती, ती गेली.

मग एक नवं कोरं हॉटेल. रंगाचा वास अजून गेला नव्हता. गाद्यांवरचं प्लास्टिक नुकतंच काढलेलं असावं, एक तुकडा पलंगाखाली पडला होता. दुपार. पडदे ओढले तरी कडेनं उन्हाची एक पट्टी आत येऊन कार्पेटवर पडली होती, आणि त्या पट्टीत बाईची बॅग होती.

बॅगेतून आवाज आला, ‘‘कनेक्टेड.’’

बाई उठून बसली. मोबाइल तिच्या हातात होता आणि त्याचं ब्लूटूथ बंद होतं. डबीही बंद केलेली होती. बुटांच्या पिशवीत घालण्याआधी तिनं बटण दाबून धरून खात्री केली होती. तरी बॅगेच्या तळातून, बुटांतून, कपड्यांच्या थरांतून खुर्ची ओढल्याचा आवाज यायला लागला.

तिनं डबी बाहेर काढली. निळा दिवा लागलेला नव्हता. घोरणं हातात थरथरत होतं. ही भरून घेतलेली दुपार नव्हती. खाली गल्ल्यावर नणंद कुणाला तरी सुटे नाहीत म्हणून सांगत होती, तेही ऐकू येत होतं.

खुर्ची. शटर. शटर अडकलं.

मग काहीच नाही.

बाई म्हणाली, अहो, वळा. काहीच नाही. ती मोठ्यानं म्हणाली. काहीच नाही. जागेपणी सांगितलेलं पोचत नाही, हे तिला माहीत होतं. पण झोपायचं कसं? या क्षणी, हातात ही शांतता धरून, कुणी झोपावं कसं? तिनं डबी तोंडाजवळ धरली आणि ओरडली. ती नवऱ्याला ओरडत नव्हती. आपण कुणाला ओरडतोय ते तिचं तिलाही धड कळलं नाही. ती म्हणाली, ‘‘अगं, तू आहेस ना तिथं? वळव त्यांना. वळव.’’

स्प्रिंग वाजली. लांब, खोल.

‘‘अहो,’’ तिचा आवाज तिकडे म्हणाला. ‘‘अहो, वळा.’’ मग थापा. दोन नव्हे, कितीतरी, पाठीवर, उघड्या हातानं, कपडे आपटावे तशा. तिचाच आवाज, पण तिनं स्वतःचा असा कधी ऐकलेला नव्हता, रडवेला, हट्टी, घोगरा होईतो तेच तेच म्हणत राहिलेला. आणि मग एक जड अंग कुशीवर कलंडल्याचा आवाज, आणि पाठोपाठ एक घरघरता, ओला, भला मोठा श्वास.

बाईनं तोवर दुसऱ्या हातानं नणंदेला फोन लावला होता. एवढंच म्हणाली, वर जा, पळ.

नणंद वर पोचली तेव्हा बेकरीवाला पलंगावर बसलेला होता. ओठ निळसर, डोळे लाल, खोकत होता. पाठीवर बोटं उमटलेली होती. नणंदेला बघून, दम खात, जरा रागानंच तो म्हणाला, ‘‘हिला सांग, एवढं मारायचं नसतं.’’

६

डॉक्टरबाई स्पष्टवक्त्या होत्या. म्हणाल्या, यांचा श्वास झोपेत थांबतो, बरीच वर्षं थांबत असणार. नाकावर लावायचं एक मशीन असतं, ते मागवू; ते येईपर्यंत झोपेत कुणीतरी शेजारी हवंच. त्या दुपारी वळवलं नसतं तर आज तुम्ही इथं बसला नसता, असंही त्या बेकरीवाल्याला म्हणाल्या. मग वळून विचारलं, कुणी वळवलं?

बेकरीवाल्यानं बायकोकडे पाहिलं. बायकोनं नणंदेकडे. नणंदेनं छताकडे बघून सांगितलं, वहिनींनी.

‘‘आभार माना त्यांचे,’’ डॉक्टरबाई म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

बाईनं रजा टाकली. पण आधी घेतलेला एक जिना अर्धा उघडून पडला होता, तो लावून द्यायला तिला जावं लागलं. तेवढा वेळ नणंद दादाच्या उशाशी बसणार होती. बाई काम उरकून दुपारी परतली, तर नणंद खाली गल्ल्यावर.

तू इथं काय करतेस, तिनं विचारलं. नणंद तिच्याकडे बघतच राहिली. म्हणाली, ‘‘वहिनी, मघाशी मी मिनिटभर खाली आले, तर तुम्हीच वरून हाक मारलीत. तू थांब खाली, मी बसते, म्हणालात.’’

बाई जिना चढली. सरकता नव्हे, घरचा, लाकडी, एकेक पायरी स्वतःच चढावी लागणारा. दाराशी थांबली. आतून घोरणं येत होतं. ते अडखळलं, आणि आतून हळूच आवाज आला, ‘‘अहो, वळा.’’

ती मागे फिरू शकली असती. खाली माणसं होती, उजेड होता, ताज्या पावाचा वास होता. दाराच्या मुठीवर हात ठेवून ती उभी राहिली आणि तिच्या मनात भीतीच्या आधी एक भलतीच गोष्ट आली. इतक्या दुपारी आपण दूर कुठंतरी छताकडे बघत पडलो होतो, आणि ही इथं बसून होती. मी डबी बंद केली, बुटांत कोंबली, तरी ही बसून होती.

तिनं दार ढकललं.

पडद्यातून पिवळा उजेड. पलंगावर नवऱ्याची भलीमोठी पाठ, दाराकडे. त्याच्या पलीकडे, तिच्या जागेवर, गादी दबलेली. आणि त्याच्या खांद्यावर पलीकडून आलेला एक हात, मनगटापर्यंत दिसणारा, सावकाश थोपटत असलेला. नखं बारीक कापलेली. अंगठ्याच्या नखात काळं.

बाईनं आपला अंगठा मुठीत दडवला. का, ते तिला सांगता आलं नाही.

‘‘तुझे उपकार आहेत,’’ ती म्हणाली. आवाज फुटला नाही, नुसते ओठ हलले असतील. ‘‘फार उपकार आहेत. आता मी आले.’’

हात थांबला. मग मागे गेला, नवऱ्याच्या पाठीआड. गादी हळूहळू वर आली, कुणी जपून उठावं तशी, झोपलेल्याला जाग येऊ नये म्हणून. स्प्रिंग वाजली. बाईच्या अंगावरून, अगदी जवळून, अंथरुणातली ऊब गेली. नुकत्याच उठलेल्या माणसाच्या अंगाला असते ती. जिन्यावर पाऊल वाजलं नाही. खाली गल्ल्यावर नणंद कुणाला तरी म्हणाली, हळू बोला.

बाई आपल्या जागेवर आडवी झाली. जागा गरम होती. नवरा झोपेतच तिच्याकडे सरकला आणि तिला गाढ झोप लागली. अशी झोप पुन्हा कधी लागली नाही, असं ती म्हणते.

७

मशीन आलं. नाकावर मुखवटा, त्याला सोंडेसारखी नळी. बेकरीवाला ते लावून झोपला की हत्ती पाण्यात उतरल्यासारखा दिसतो, असं त्याची बहीण सगळ्या गिऱ्हाइकांना सांगते. घोरणं गेलं. श्वास थांबणं गेलं. बाई पुन्हा गावोगावच्या जिन्यांवर जायला लागली. डबी तिच्याबरोबर असते, शेजारच्या उशीवर, बंद. डोळे मिटण्याआधी ती तिच्याकडे बघून दोन शब्द बोलते. कुठले ते विचारू नका, विचारलं की ती विषय बदलते. आतून कधी काही आलेलं नाही. ती गेली. काम झालं, गेली.

आता खोटं काय तेवढं सांगतो, म्हणजे मी मोकळा.

त्या बेकरीवाल्याबद्दल मी लांबच्या माणसासारखं बोललो. तो मीच. पोट जरा वाढवून सांगितलं, ते ओघात झालं. बाकी डबी, हॉटेलं, माझ्या पाठीवरची बोटं, तो हात, सगळं जसंच्या तसं. बायकोनं सांगितलं तसं लिहिलं. एकच गोष्ट मी माझ्या मनानं घातली, आणि तीही तिच्यासाठी, कारण तिला इथवरचंच वाचायला देणार.

ती गेली, ही ती गोष्ट.

बायको गावाला गेली की मी जेवून वर येतो, मुखवटा लावतो, नळी सरळ करतो. श्वास चालू असतो, मशीन मंद घुमत असतं, मला वळवायची कुणाला गरज नाही. तरी डोळा लागता लागता पलीकडची गादी दबते. थोपटत नाही. बोलत नाही. नुसती टेकते, दिवसभर राबून आलेल्या माणसासारखी. पहिल्यांदा माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. डोळे घट्ट मिटून, लहान मुलासारखा पडून राहिलो.

हल्ली मी आधीच भिंतीकडे सरकून तिला जागा करतो. मी आज श्वास घेतोय तो तिच्यामुळे. तिला पाठ टेकायला अर्धा पलंग द्यायचा नाही, इतका काही मी हा नाही.